उमेदवार क्रमांक चारशे सतरा

सोलफ्रिड नेसहाइम माझ्या वर्गात पहिल्या दिवशी आली ती विणकामाची पिशवी घेऊन. वय वर्षं छप्पन्न. बाकीची एकवीस पोरं तिच्या लेकरांच्या वयाची. ती खिडकीपाशी बसली, सुया काढल्या, आणि मी पडद्यावर कोर्सच्या अटी दाखवून संपवेपर्यंत हिच्या मोज्याची टाच वळून झाली. आमच्याकडे वर्गात विणलं तर कुणी काही म्हणत नाही.

अटी म्हणजे सगळी माझीच करणी. फियोर्डच्या, म्हणजे डोंगरांत घुसलेल्या खाडीच्या, टोकाशी विद्यापीठाची ही लहानशी शाखा आहे, तिथे मी एकोणीस वर्षं शास्त्रीय लेखन शिकवतेय. ऐंशी टक्के हजेरी. तीन छोटे निबंध, तिन्ही मंजूर झाल्याशिवाय परीक्षेचं नाव काढायचं नाही. मग चार हजार शब्दांचा मोठा निबंध. किमान दहा संदर्भ, त्यातले निम्मे तज्ज्ञांनी तपासून छापलेले. आणि मुद्दा पहिल्या पानावर. ही शेवटची अट मी ठळक अक्षरांत घातली होती आणि परीक्षकांसाठी जी मार्गदर्शिका लिहिली तिच्यातही ठोकून दिलं होतं, की ज्या निबंधात मुद्दा पहिल्या पानावर नाही त्याला सीच्या वरची श्रेणी देताना दहादा विचार करावा. वा रे वा! लिहिताना मला केवढा अभिमान वाटला होता.

पहिल्याच मधल्या सुट्टीत सोलफ्रिड डबा उघडून माझ्या शेजारी येऊन बसली. ब्रेडचे दोन काप, वर तपकिरी चीज.

"टोरुन, मला सी पाहिजे," ती म्हणाली. "त्याच्या वरचं नको. वाया जाईल."

"असं कुणी मागतं का गं?"

"नगरपालिकेने मागितलंय. मी कशाला मागू?"

ते खरं होतं. टेकडीवरच्या वृद्धाश्रमात स्मृती गेलेल्या माणसांचा जो विभाग आहे, त्याची ती चार वर्षं प्रभारी प्रमुख होती. प्रभारी म्हणजे काम सगळं, खुर्ची उसनी. वसंतात ती जागा कायमची भरायची होती, आणि नगरपालिकेने नवा नियम काढला होता, की उमेदवाराकडे व्यवस्थापनाचा अभ्यासक्रम हवा आणि त्यातल्या तिन्ही विषयांत किमान सी हवा. दोन विषय सोलफ्रिडने बी घेऊन काढले होते. उरला होता माझा.

ती त्या बेटावरची, जिथे नववीनंतर शाळाच नव्हती. सोळाव्या वर्षी मासळीच्या कारखान्यात लागली. तिथे माझी आई होती, मार्गिट. आईनेच तिला सुरी धरायला शिकवली. दोघी अकरा वर्षं एकाच टेबलाशी कॉड मासे सोलत उभ्या राहिल्या. कारखाना बंद पडला तेव्हा आई घरी बसली आणि सोलफ्रिड वृद्धाश्रमात मदतनीस म्हणून गेली. तिथे एकोणतीस वर्षं. नवरा आर्विड फेरीबोटीवर. दोन मुलगे मोठे झाले, शहरात गेले. आता आई चौऱ्याऐंशीची, तिच्याच विभागात, सहा नंबरच्या खोलीत. मी बुधवारी आणि रविवारी जायची. आई मला कधी बहीण समजायची, कधी कारखान्यातली मुकादम. सोलफ्रिडला मात्र "ए पोरी" म्हणायची, आणि ते बरोबरच होतं.

आता बोला, ही बाई माझी विद्यार्थिनी. गावच एवढंसं आहे की परक्याची परीक्षा घ्यायची म्हटलं तर बोटीने जावं लागेल.

वर्गात तिने मला पहिल्यांदा गप्प केलं ते संदर्भांवरून. मी नेहमीचं सांगत होते, की प्रत्येक विधानाला आधार हवा.

"म्हाताऱ्या माणसाच्या शेजारी आपलं ताट घेऊन बसलं की ते जेवतं," ती म्हणाली. "याला कुणाचा आधार देऊ?"

"कुणीतरी लिहिलं असेल. शोध."

"आणि नसलंच लिहिलं तर?"

"तर तसं म्हणता येणार नाही."

"मग जो पहिल्यांदा लिहिणार त्याने कुठून आणायचा?"

पोरं खो खो हसली. मीही हसले. आणि नंतर घरी जाऊन चडफडले, कारण उत्तर मला माहीत होतं आणि ते देण्याइतका वेळ माझ्या वेळापत्रकात नव्हता. मोजून दाखव, हे ते उत्तर. तिने ते आपलं आपण शोधून काढलं.

तिची खरी अडचण वेगळीच होती. आमच्या या किनाऱ्यावर पाहुणा आला की कॉफी पितो, मासळीचं बोलतो, मेंढरांचं बोलतो, आणि उठून दाराच्या मुठीला हात घातल्यावर ज्यासाठी आला ते सांगतो. "हां, बरं का, तुमची बोट सुटून खडकावर गेलीय." आल्या आल्या सांगणं म्हणजे माणसाच्या अंगावर धावून जाणं. माझ्या बापाने स्वतःला कॅन्सर झाल्याचं बूट चढवता चढवता सांगितलं होतं. सोलफ्रिडचे निबंध अगदी तसेच. सगळं नीट, मोजून-मापून, आणि मुद्दा शेवटच्या पानाच्या शेवटच्या परिच्छेदात. दुसरा निबंध मी नामंजूर करून परत पाठवला.

"मुद्दा शेवटी का?" मी विचारलं.

"आधी माणसाला बसू दे तरी. मग सांगते."

"वाचक बसलेलाच असतो, सोलफ्रिड."

"तुझा असेल. माझे उठून जातात, त्यांना हाताला धरून आणावं लागतं."

"हे विनोदाचं नाही. परीक्षेत महागात पडेल."

"बरं बाई. पहिल्या पानावर घालते. पण मला ते आरडाओरडा केल्यासारखं वाटतं."

घातला तिने. तीन निबंध मंजूर झाले, हजेरी शंभर टक्के, परीक्षेला बसायची परवानगी मिळाली. मी निश्चिंत झाले. काय अवलक्षण होतं कोण जाणे, परीक्षेच्या निबंधाला ती पुन्हा आपल्या वळणावर गेली. घाबरलं की माणूस आईचीच भाषा बोलतं, त्यातलाच प्रकार.

आमच्याकडे परीक्षेच्या पेपरावर नाव नसतं. नुसता क्रमांक. दोन परीक्षक, एक आतला, एक बाहेरचा. आतली मी. माझ्यासमोर बावीस निबंध आले आणि त्यात चारशे सतरा. तिसऱ्या ओळीला मी ओळखला. विषय होता जेवणाच्या वेळा. प्रत्येक जेवणानंतर कुणी किती खाल्लं याचा तक्ता भरायचा नियम आला, तेव्हापासून तक्ता भरायच्या घाईने कर्मचारी उभ्याउभ्या भरवतात आणि माणसं कमी खातात, असं तिचं म्हणणं. अकरा दिवस, तेहतीस जेवणं, स्वयंपाकघरातलं घड्याळ लावून आणि ताटात उरलेले बटाटे काट्यावर तोलून तिने आकडे काढले होते. शेजारी बसून जेवलेल्या दिवशी किती, उभ्याने भरवलेल्या दिवशी किती. त्यात एक चौऱ्याऐंशी वर्षांची बाई होती, जी बटाटा हाताने कुस्करते आणि त्यातले माशाचे काल्पनिक काटे काढते. ती माझी आई.

आणि हे सगळं सांगून झाल्यावर शेवटच्या पानावर, शेवटच्या आठ ओळींत, म्हणे, "तेव्हा तक्ता बंद करावा असं वाटतं."

आता नियम बघा. उमेदवार आपल्या नात्यातला, घरोब्यातला, उपकारातला असेल तर परीक्षकाने बाजूला व्हायचं. पण उमेदवार कोण हे मला माहीतच नाही, असं नियमच सांगतो. माहीत आहे म्हणावं तर गुप्तता मोडली, माहीत नाही म्हणावं तर धडधडीत खोटं. सरळ माणसाने कचेरीत फोन केला असता, "हा पेपर दुसऱ्याला द्या, कारण विचारू नका." पाच मिनिटांचं काम. मी तो फोन केला नाही. मला वाटलं, मी आहे ना निःपक्षपाती! चार वर्षांपूर्वी आमच्या एका सहकाऱ्याने तोंडी परीक्षेत भाच्याला बी दिला म्हणून गाव त्याला दुकानाच्या रांगेत इतकं बोललं की त्याने बदली मागून घेतली. माझं तसं व्हायला नको होतं. मी त्या निबंधाकडे बघत होते आणि मनात एकच, की ही माझ्या आईला जेवू घालते, म्हणून माझा हात सैल पडता कामा नये. सैल पडू नये म्हणून मी तो आवळला. किती आवळला ते मला तेव्हा कळलं नाही असं म्हणायची सोय आहे, पण कळत होतं.

बाहेरचा परीक्षक हाल्वर टेइगेन, दोनशे मैल उत्तरेकडच्या कॉलेजातला. आम्ही फोनवर श्रेण्या जुळवल्या.

"चारशे सतरा," तो म्हणाला. "मस्त आहे गं हा. सी. ढकललं तर बी."

"मुद्दा शेवटच्या पानावर आहे."

"आहे ना पण? काहींचा तर शोधूनही सापडत नाही."

"मार्गदर्शिका वाच, हाल्वर."

"वाचली. सीच्या वर देताना विचार करावा म्हणतेस तू त्यात. सीच्या खाली ढकला असं कुठे म्हटलंय?"

"संदर्भ आठच धड आहेत. दोन नगरपालिकेची पत्रकं."

"बटाटे तोललेत तिने. मला आजवर एकाही विद्यार्थ्याने काही तोलून दाखवलं नाही."

"तिने?" मी म्हटलं. "तुला काय माहीत ती आहे की तो?"

"बरं, त्याने. तू आज एवढी कडक का? दोनशे अकराला तर आत्ता हसत हसत ए दिलास."

"दोनशे अकराचा मुद्दा पहिल्या पानावर आहे."

"दोनशे अकराच्या मुद्द्यात दम काय आहे?"

"माझा डी," मी म्हटलं.

"तुझा कोर्स, तुझं राज्य," तो म्हणाला. "डी तर डी. पण मला पटलेलं नाही, हे लिहून ठेव."

मी लिहून ठेवलं नाही. कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ म्हणतात, तो दांडा कसा दिसतो हे बघायचं असेल तर त्या दिवशी मला बघायला हवं होतं. मासळीवालीची लेक, टेबलाशी कागद, हातात लाल पेन, आणि मान ताठ. त्या रात्री मला छान झोपही लागली.

निकाल लागला त्या बुधवारी मी वृद्धाश्रमात गेले. सोलफ्रिड आईजवळ बसली होती, दोघींच्या ताटांत फिशकेक आणि बटाटे.

"डी," ती म्हणाली.

"अरेरे," मी म्हटलं. अरेरे! जीभ कशी वळली माझी.

"खुलासा मागवलाय. का डी ते कळलं तर बरं. निदान कुठे चुकले ते."

खुलासा मागायचा हक्क आमच्याकडे प्रत्येकाला आहे. तो आला की पुढच्या तीन आठवड्यांत फेरतपासणी मागता येते. नवे दोन परीक्षक पेपर घेतात, त्यांना आधीची श्रेणी सांगत नाहीत, आधीचा खुलासाही दाखवत नाहीत. कोऱ्या डोळ्यांनी वाचतात. श्रेणी वर जाते, खाली जाते, तशीच राहते. चारशे सतराची वर गेली असती. हाल्वरचे शब्द माझ्या कानात होते, मला दुसऱ्या कुणाला विचारायची गरज नव्हती.

खुलासा मी लिहिला, कचेरीने तो माझ्या नावाशिवाय पाठवला. एक पान. इतका सफाईदार की आज वाचला तर मी स्वतःच पटून जाईन. "उमेदवाराने परिश्रमपूर्वक माहिती गोळा केली आहे, तथापि आपला मुद्दा आरंभीच मांडण्याचं धैर्य निबंधात दिसत नाही." धैर्य! हा शब्द मी लिहिला. मी.

पुढचे तीन आठवडे म्हणजे सहा भेटी. प्रत्येक वेळी मी टेकडी चढताना ठरवायची, आज सांगायचं, की अगं, फेरतपासणी माग, अर्ज मी भरून देते. एवढंच. मी पेपर तपासला हेही सांगायची गरज नव्हती. पण मग ती विचारणार, "तुला एवढी खात्री कशी?" आणि माझ्या तोंडून निघणार. गुप्तता मोडल्याचं कॉलेजात कळणार. पहिल्या बुधवारी आईला सर्दी होती म्हणून राहिलं. रविवारी आर्विड आला होता. दुसऱ्या बुधवारी आम्ही मोज्यांच्या लोकरीबद्दल बोललो. ती स्वतःहून काही काढेना. एकदा फक्त मी धीर करून म्हटलं, "मग, अर्ज वगैरे करणार आहेस का?"

"बघू," ती म्हणाली, आणि आईच्या हनुवटीवरचं पुसलं.

"वेळ आहे अजून."

"आहे. शुक्रवारपर्यंत."

तारीखसुद्धा तिला पाठ होती. मी तोंडात मूग गिळून घरी आले. शुक्रवार गेला.

मे महिन्यात जागा भरली. माझ्याच वर्गातली मारेन, एकोणतीस वर्षांची, वागायला चांगली, कामाला चटपटीत. तिच्याकडे तिन्ही विषय होते. शास्त्रीय लेखनात ए. उमेदवार क्रमांक दोनशे अकरा तीच होती हे मला नंतर कळलं, आणि तिच्यावर राग काढायचीही सोय राहिली नाही, कारण तो एसुद्धा मीच दिलेला. सोलफ्रिडने किल्ल्या दिल्या, कामाच्या पाळ्यांची वही दिली, कुठल्या म्हाताऱ्याला कुठली गोळी जामातून द्यावी लागते ते समजावून सांगितलं. मग पांढरा डगला चढवून पुन्हा मदतनीस झाली. पगार कमी झाला, पण त्याचं ती बोलली नाही. तिने आर्विडला एवढंच सांगितलं, की आता तक्ते भरायचे की नाहीत हे मी ठरवू शकत नाही. आर्विडने ते मला बोटीवर सांगितलं, तोंड दुसरीकडे करून.

त्यानंतरच्या बुधवारी मी गेले तेव्हा बाकीची माणसं जेवून उठली होती. खोलीत आई, सोलफ्रिड आणि मी. मला राहवेना.

"तू फेरतपासणी का नाही मागितलीस?" मी विचारलं. आवाजात जरा रागच होता, म्हणजे बघा, चोराच्या उलट्या बोंबा. "सी मिळाला असता तुला. नक्की मिळाला असता."

"तुला कसं माहीत?"

मी आईच्या गळपट्ट्याची गाठ नीट करू लागले.

"टोरुन," ती म्हणाली, "तो खुलासा तू लिहिलास. पहिल्या वाक्यातच कळलं मला. सहा महिने तुझे शेरे वाचलेत मी, फ्रिजवर लावून. 'परिश्रमपूर्वक' हा शब्द या गावात दुसरं कुणी वापरतं का?"

"मग विचारलं का नाहीस?"

"काय विचारायचं? तू आठवड्यातनं दोनदा इथे बसत होतीस. म्हटलं, सांगायचं असेल तर सांगेल."

मग मी सगळं सांगून टाकलं. की बाहेरच्या हाल्वरने सी दिला होता, बीसुद्धा म्हणाला होता. की मी खाली आणला. ती ऐकत होती, हातातला चमचा तसाच.

"का पण?" तिने विचारलं.

"लोक म्हणाले असते, आईला सांभाळते म्हणून दिला."

"लोकांना कुठनं कळणार होतं? वर नंबर होता."

नऊशे निबंध तपासलेत मी या हातांनी, आणि असं एक वाक्य मला कुणी लिहून दिलं नव्हतं.

"मला राग डीचा नाही आला," ती म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता, आणि चढला असता तर बरं झालं असतं. "मी म्हटलं, हाल्वर का कोण तो, मला ओळखत नाही. नवे दोघं ओळखणार नाहीत. पण ही ओळखते. मी काय करते ते ही आठवड्यातनं दोनदा याच खुर्चीत बसून बघते, आणि तरीही हिला ते डी वाटतं. तर मग ते डीच असणार. म्हणून नाही भरला अर्ज. भरून ठेवला होता, पाठवला नाही."

"सोलफ्रिड, माफ कर मला."

"माफ काय करायचं," ती म्हणाली. "तारीख गेली."

मग तिने आईचा गळपट्टा सोडला, ताट उचललं, आणि किती उरलंय ते बघून भिंतीवरच्या तक्त्यात लिहायला गेली.